कवरत्तीच्या लगूनचा प्रवाळ-नकाशा: सेंटिनेल-२ वरून काढलेलं कितपत खरं मानायचं?

गंगापूररोड

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी लक्षद्वीपमधल्या कवरत्तीच्या लगूनचा (प्रवाळभित्तीच्या आतल्या उथळ पाण्याचा) नकाशा करतोय, काम सगळं नाशिकहून. आजवरचा सराव द्राक्षबागांचा: सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं, एनडीव्हीआय (हिरवाई मोजणारा निर्देशांक), क्यूजीआयएस (नकाशाचं सॉफ्टवेअर), रँडम फॉरेस्ट (नमुन्यांवरून शिकून वर्ग पाडणारी पद्धत). तीच पद्धत इथे लावली. एल२ए दर्जाचं, म्हणजे हवेचा परिणाम आधीच काढलेलं चित्र घेतलं, गुगल अर्थवर डोळ्यांनी पाहून नमुन्याची ठिकाणं आखली आणि पाच वर्ग केले: वाळू, जिवंत प्रवाळ, प्रवाळाचा चुरा, समुद्रगवत, खोल पाणी.

अडचणी अशा आहेत. बाहेरच्या उताराची सगळी किनार ‘जिवंत प्रवाळ’ म्हणून येते. लगूनच्या मधोमध, जिथे वाळूच असणार, तिथे काळपट ठिपके येतात आणि तेही प्रवाळात जातात. २०२१ आणि २०२४ ची तुलना केली तर २०२४ मध्ये सगळी लगून उजळलेली दिसते, म्हणजे प्रवाळ गेला असा निष्कर्ष निघतो. तपासणीत अचूकता मात्र नव्वद टक्क्यांच्या वर येते आणि गाईड म्हणतात हा आकडाच संशयास्पद आहे.

हा नकाशा बेटावरच्या व्यवस्थापनाच्या कामी यावा अशी इच्छा आहे. त्यामुळे नुसता सुंदर नकाशा नको, खरा हवा. नेमकं कुठे चुकतंय?

खारावारा

चूक पहिल्याच पायरीवर आहे. द्राक्षबागेत पान आणि उपग्रह यांच्यामध्ये फक्त हवा असते. इथे मध्ये पाणी आहे आणि ते प्रत्येक रंग वेगळ्या वेगाने खातं. नुसत्या शुद्ध पाण्याचं शोषण पाहा: बी४, म्हणजे ६६५ नॅनोमीटरचा लाल, मीटरमागे साधारण ०.४३, बी३, ५६० चा हिरवा, ०.०६२; बी२, ४९० चा निळा, ०.०१५. प्रकाशाला तळापर्यंत जाऊन परत यायचं असतं, म्हणून अंतर दुप्पट धरा. ५ मीटर खोलीवरून लाल प्रकाश जेमतेम दीड टक्का परत येतो. १० मीटरवरून हिरवा २९ टक्के आणि निळा ७४ टक्के. खऱ्या समुद्रात यापेक्षा कमीच, कारण त्यात प्लवक आणि गाळही असतो. बी८ म्हणजे जवळचा अवरक्त पट्टा तर पहिल्या मीटरभरातच संपतो, त्यामुळे एनडीव्हीआय इथे विसरून जा.

याचा अर्थ असा की १२ मीटर खोलीवरची पांढरी वाळू आणि ३ मीटरवरचा तपकिरी प्रवाळ एकाच गडदपणाचे दिसू शकतात. तुमच्या रँडम फॉरेस्टने गडद ते प्रवाळ असं शिकून घेतलं आणि बाहेरचा उतार खोल होत गेला तसा तो सगळा प्रवाळात टाकला.

लगूनमधले ठिपके बहुधा ढगांच्या सावल्या आहेत. बेटांवर सकाळीच कापसासारखे छोटे ढग जमतात आणि ढग काढून टाकणारा मास्क त्यांच्या सावल्या सोडून देतो. वाळूवर पडलेली सावली रंगाने हुबेहूब प्रवाळासारखी दिसते. एकाच तारखेवर विसंबू नका. डिसेंबर ते मार्चमधली पाच-आठ स्वच्छ चित्रं घ्या आणि प्रत्येक पिक्सेलचा मध्यक काढा, सावली एका जागी दोनदा पडत नाही. खालचा शतमक मात्र घेऊ नका, तो नेमक्या सावल्याच उचलतो.

आता क्रम. एल२ए सोडा. ते ज्या सेन२कॉर प्रक्रियेतून येतं ती जमिनीसाठी बेतलेली आहे, पाण्याचं परावर्तन मुळात इतकं कमी असतं की तिची छोटी चूकही इथे मोठी ठरते. एल१सी, म्हणजे हवेचा परिणाम न काढलेलं चित्र उतरवा आणि अ‍ॅकोलाइटमधून काढा, ते मोफत आहे आणि किनारी पाण्यासाठीच बनवलेलं आहे. मग जमीन, ढग आणि फेसाळ लाटांची पट्टी मास्क करा. फेस चुकून राहिला तर तो वाळूत जातो.

त्यानंतर चकाकी, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परत फिरणारं ऊन. खोल पाण्यावर एक चौकोन घ्या, बी८ आणि प्रत्येक दृश्य पट्टा यांचा उतार काढा आणि प्रत्येक पिक्सेलमधून ‘उतार गुणिले (त्या पिक्सेलचा बी८ वजा चौकोनातला किमान बी८)’ एवढं कमी करा. दोन ठिकाणी हे फसतं. एक, सेंटिनेलचे पट्टे एकाच क्षणी टिपले जात नाहीत, सेकंदाच्या अंशाचा फरक असतो, म्हणून एकेका लाटेची चकाकी पूर्ण जात नाही. शिवाय कॅमेऱ्यात १२ डिटेक्टर आहेत, त्यांचे कोन वेगळे, म्हणून चित्रात उभे पट्टे दिसले तर उतार प्रत्येक पट्ट्यासाठी स्वतंत्र काढा. दोन, अगदी उथळ भित्तीवर, मीटरभराच्या आत, बी८ मध्ये तळाचाच प्रकाश येतो. त्याला चकाकी समजून वजा केलं तर तिथले निळे-हिरवे आकडे खोटे होतात. तेवढा भाग चकाकी-सुधारणेतून वगळा. एप्रिलच्या मध्यात सूर्य या अक्षांशावर जवळजवळ डोक्यावर येतो, त्या दिवसांतली चित्रं चकाकीने भरलेली असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

मग मुख्य गोष्ट, खोलीचा परिणाम काढणं. लायझेंगाची १९७८ ची पद्धत अजूनही पहिल्या कामाला पुरते. वेगवेगळ्या खोलीवरची, पण निश्चित वाळूचीच अशी शंभरेक पिक्सेल निवडा. प्रत्येक पट्ट्यातून खोल समुद्राचं परावर्तन वजा करा आणि उरलेल्याचा नैसर्गिक लॉग घ्या. समजा निळ्याच्या लॉगचं प्रसरण (व्हेरियन्स) ०.१०, हिरव्याचं ०.२५ आणि दोघांचं सहप्रसरण ०.१५ आलं. तर अ = (०.१० − ०.२५) ÷ (२ × ०.१५) = −०.५. गुणोत्तर = अ + √(अ² + १) = ०.६२. निर्देशांक = लॉग निळा − ०.६२ × लॉग हिरवा. वाळू १ मीटरवर असो की ८ मीटरवर, या निर्देशांकात तिचा आकडा जवळपास तोच यायला हवा. वर्गीकरण मूळ पट्ट्यांवर नको, यावर करा. निळा-हिरवा ही जोडी १०-१५ मीटरपर्यंत चालते. लाल असलेल्या जोड्या ३-४ मीटरच्या आतच वापरा.

पिक्सेल_पंचवटी

२०२४ मध्ये लगून उजळली त्याचं कारण समुद्रात शोधू नका, फाइलमध्ये शोधा. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेची ०४.०० आवृत्ती लागू झाली आणि प्रत्येक आकड्यात १००० मिळवले जाऊ लागले. आता परावर्तन = (आकडा − १०००) ÷ १००००. तुम्ही दोन्ही वर्षांना नुसतं १०००० ने भागलं असेल तर २०२४ चं प्रत्येक पिक्सेल ०.१ ने उजळ येणार. बागेच्या अवरक्त पट्ट्यात हे एक वेळ नजरेतून सुटेल, पाण्यात जिथे सगळा खेळ ०.०१ ते ०.१५ मध्ये असतो तिथे हा फरक सिग्नलपेक्षा मोठा आहे.

एक खबरदारी: जुनी चित्रंही नव्याने प्रक्रिया करून ठेवलेली आहेत, म्हणून तारखेवरून ठरवू नका, मेटाडेटा उघडून आवृत्ती आणि ऑफसेट (ही मिळवलेली संख्या) पाहा. गुगलच्या अर्थ इंजिनवर काम करत असाल तर ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संच घ्या, तिथे हे आधीच जुळवलेलं असतं. त्यावर पुन्हा १००० वजा केलं की उलटी चूक होते आणि पाणी ऋण आकड्यांत जातं.

आणि लिस-४ या भारतीय उपग्रह-कॅमेऱ्याचा मोह पडला असेल तर आधीच सांगते: ५.८ मीटरचं पिक्सेल आकर्षक वाटतं, इस्रोच्या भूनिधी संकेतस्थळावर मिळतंही, पण त्याला निळा पट्टाच नाही. हिरवा, लाल आणि अवरक्त, एवढेच. उघड्या पडणाऱ्या भित्तीच्या सीमा आखायला छान, पाण्याखालचं वाचायला अपुरं.

गंगापूररोड

ऑफसेटच होता! मेटाडेटा पाहिला, दोन्ही चित्रांच्या आवृत्त्या वेगळ्या निघाल्या. ते सुधारल्यावर दोन वर्षांतला फरक खूपच कमी झाला.

लायझेंगा करून पाहिलं. दोन शंका. माझं गुणोत्तर १.६ येतंय. आणि लॉग घेतल्यावर बाहेरच्या उताराची बरीच पिक्सेल रिकामी पडली.

खारावारा

१.६ म्हणजे जवळजवळ नक्की पट्ट्यांची अदलाबदल झाली आहे, ०.६२ चा व्यस्त १.६१ असतो. सूत्रात पहिला निळा, दुसरा हिरवा. स्वच्छ लगूनमध्ये निळा हिरव्यापेक्षा हळू विरतो, म्हणून गुणोत्तर १ च्या खाली यायला हवं. अदलाबदल नसतानाही १ च्या वर राहिलं तर दोन शक्यता तपासा: निळ्या पट्ट्यात धूसर हवा शिल्लक आहे, किंवा तुमच्या ‘वाळूत’ समुद्रगवत मिसळलंय. खोलीबरोबर गवत वाढत गेलं की आकडेवारीला ते पाण्यासारखंच दिसतं. दोन लॉगचा आलेख काढा. खरी वाळू एका सरळ रेषेवर बसते, गवताची पिक्सेल रेषेच्या खाली वेगळा पुंजका करतात. तो पुंजका हाताने काढा.

रिकामी पिक्सेल म्हणजे खोल पाण्याचं जे मूल्य वजा केलं ते त्या पिक्सेलपेक्षा मोठं निघालं, आणि ऋण संख्येला लॉग नाही. खोल पाण्याची सरासरी वजा करू नका, सरासरीतून दोन प्रमाण विचलनं कमी करून ते वजा करा. तरीही जी रिकामी राहतील तिथे तळाचा प्रकाश पोहोचतच नाहीये. ती जबरदस्तीने भरू नका, नकाशात ‘दिसत नाही’ असा वर्ग ठेवा. व्यवस्थापनासाठी ही पट्टी फार महत्त्वाची आहे, कारण बाहेरच्या उतारावरचा चांगला प्रवाळ बहुतेक तिथेच असतो आणि तिथे माणूसच उतरवावा लागतो.

लगूनचं पाणी आणि बाहेरचं पाणी यांची गुणोत्तरं वेगळी काढा. आत गाळ ढवळला जातो, बाहेर निळंशार असतं. एकच आकडा दोघांना लावला की भित्तीच्या माथ्यावर नकाशात कृत्रिम सीमा उमटते.

धरणकाठ

खोलीचा प्रश्न आला म्हणून लिहितो. नुसता तळ नको, खोलीही हवी असेल तर स्टम्फची २००३ ची रीत घ्या: खोली = म१ × [लॉग(१००० × निळा) ÷ लॉग(१००० × हिरवा)] − म०. निळ्याचं परावर्तन ०.०३ आणि हिरव्याचं ०.०२ असेल तर ३.४० ÷ ३.०० = १.१४ असं गुणोत्तर येतं. १००० ने गुणायचं कारण लॉग धन राहावा. परावर्तन ०.००१ च्या खाली गेलं तर तेही पुरत नाही, ती पिक्सेल टाका.

म१ आणि म० हे त्या जागेचे स्थिरांक ठरवायला खऱ्या खोलीचे बिंदू लागतात आणि ते नाशिकला बसून मोफत मिळतात. २०१८ साली सोडलेल्या आइससॅट-२ वर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर आहे, स्वच्छ पाण्यात तो तळापर्यंत जाऊन परत येतो. त्याचा एटीएल०३ हा, एकेका फोटॉनची उंची देणारा संच उतरवा. सहापैकी तीन किरण जोरदार असतात, तेच घ्या, आणि रात्रीचे मार्ग असतील तर उत्तम, दिवसा सूर्याचे फोटॉन आलेख भरून टाकतात. आलेखात समुद्राची सपाट रेघ आणि तिच्याखाली तळाची वळणदार रेघ डोळ्यांनाही दिसते.

इथे हमखास होणाऱ्या तीन चुका. पहिली, पाण्यात प्रकाश हळू चालतो हे विसरणं. दोन रेघांमधलं अंतर ०.७५ ने गुणा, आलेखात ८ मीटर दिसलं तर खरी खोली ६ मीटर. दुसरी, उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. भारताच्या दक्षिणेला जिऑइड, म्हणजे गुरुत्वाने ठरणारी समुद्रपातळी, जगात सर्वांत खाली गेलेली आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला ती उणे १०६ मीटरपर्यंत जातो, म्हणून लक्षद्वीपच्या समुद्राची पातळी कित्येक दहा मीटर उणे दिसली तर ती फाइल बिघडलेली नाही. खोली नेहमी त्याच मार्गावरच्या पाण्याच्या रेघेपासून मोजा. तिसरी चूक भरतीची. लेझर गेला तेव्हाची पातळी आणि सेंटिनेल गेला तेव्हाची पातळी वेगळी असते, आधी तो फरक मिळवा किंवा वजा करा आणि मगच रेषा जुळवा. त्यामुळे खोलीसाठी अनेक तारखांचा मध्यक चालत नाही, एकच चित्र घ्यावं लागतं. तळाच्या वर्गीकरणाला मध्यक चालतो.

नाशिककरांना जवळची वाटेल अशी आणखी एक वाट आहे. इथल्या मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन) संस्थेत धरणांच्या गाळाचा अंदाज उपग्रहचित्रांवरून काढतात. तत्त्व साधं आहे: वेगवेगळ्या पातळ्यांना पाण्याची कड आखायची, ती कड म्हणजेच त्या उंचीची समोच्च रेषा, आणि दोन रेषांमधलं घनफळ = (उंचीतला फरक ÷ ३) × (क्षेत्र१ + क्षेत्र२ + √(क्षेत्र१ × क्षेत्र२)). कच्छच्या आखातात पिरोटन, नरारासारख्या ठिकाणी प्रवाळभित्ती ओहोटीला उघडी पडते, आणि तिथलं पाणी इतकं गढूळ की वर दिलेल्या निळ्या-हिरव्याच्या रीती चालत नाहीत. तिथे धरणाचीच रीत लावा. ओहोटीच्या वेगवेगळ्या पातळ्यांची दहा-बारा चित्रं घ्या, बी८ किंवा बी११ या अवरक्त पट्ट्यांवरून पाण्याची कड आखा आणि प्रत्येक कडेला त्या वेळची भरतीची उंची द्या. उतार शंभरास एक असेल तर १० मीटरचं पिक्सेल उंचीत १० सेंटिमीटर होतं. एखादा भाग गाळाखाली जातोय का हे वर्षावर्षाने पाहता येतं. फरक एवढाच, धरणात पातळी पट्टीवर वाचता येते, इथे ती कोष्टकातून येते आणि वाऱ्याने थोडी पुढेमागे होते. म्हणून वादळी दिवसांची चित्रं टाका.

सराव म्हणून गंगापूरच्या जलाशयावर खोली काढायला मात्र जाऊ नका. तिथे जो रंग दिसतो तो गाळाचा आणि शेवाळाचा, तळाचा नव्हे. सूत्र आकडा देईल, पण तो खोलीचा नसेल. पाण्याची कड आखण्याचा सराव तिथे जरूर करा.

मालवणी_पाणी

गाईड बरोबर सांगतायत, नव्वदीच्या वरचा आकडा फसवा आहे. तुम्ही एकाच ठिपक्यातली काही पिक्सेल शिकवायला आणि शेजारची तपासायला ठेवलीत. शेजारी पिक्सेल जवळपास सारखीच असतात, त्यामुळे परीक्षेत शिकवलेलाच प्रश्न आला. लगूनचे ५००-५०० मीटरचे चौकोन पाडा आणि काही चौकोन पूर्णपणे तपासणीसाठी बाजूला ठेवा. आकडा खाली येईल, येऊ द्या. पाच-सहा ढोबळ वर्गांना सत्तर-पंचाहत्तर टक्के प्रामाणिकपणे मिळाले तर नकाशा वापरण्याजोगा आहे. मात्र दोन वर्षांची तुलना करताना हिशोब ध्यानात ठेवा: दोन्ही नकाशे ८० टक्के बरोबर असतील तर दोन्हींत बरोबर असलेली पिक्सेल ०.८ × ०.८, म्हणजे ६४ टक्के. छोटासा बदल या चुकीतच बुडून जातो. दोन वर्गीकृत नकाशे वजा करण्यापेक्षा सुधारलेली परावर्तनं वजा करा आणि जिथे खोल पाणी व कायमची वाळू स्थिर आहे तिथला फरक शून्य येतो का ते आधी पाहा.

गुगल अर्थवरून आखलेले बिंदू पुरेसे नाहीत, एक फेरी बेटावर लागेलच. तयारी अशी: प्रत्येक वर्गाला किमान ५० ठिकाणं. ठिकाण असं निवडा की भोवती ३० बाय ३० मीटरमध्ये तळ एकसारखा आहे, कारण हातातला जीपीएस ३ ते ५ मीटर चुकतो आणि पिक्सेल १० मीटरचं आहे. जीपीएस जलरोधक पिशवीत घालून तरंगत्या फळीवर बांधा, फळी दोरीने अंगाला. दोरी जितकी लांब तितकी चूक जास्त, पाण्याच्या खोलीपेक्षा फार लांब नको. सुरुवातीला कॅमेऱ्याने जीपीएसच्या घड्याळाचा फोटो काढा, म्हणजे वेळेतला फरक नंतर दुरुस्त करता येतो. हे राहिलं तर शेकडो फोटो जागेवर बसत नाहीत. तळापासून एकाच उंचीवरून, सरळ खाली पाहून फोटो घ्या. निवड फक्त सुंदर जागांची नको, उजाड चुऱ्याचे फोटोही तेवढेच लागतात.

परवानगीशिवाय पाण्यात उतरू नका. सगळे कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तुटलेला तुकडाही उचलायचा नाही. लक्षद्वीपला प्रवेशपरवाना लागतोच, संशोधनाची परवानगी वेगळी. त्याला वेळ लागतो, अर्ज आधी टाका आणि नकाशा मागाहून करा.

आता मालवणबद्दल, कारण हा धागा वाचून कोणीतरी तिकडे हेच करायला जाईल. मालवण सागरी अभयारण्य १९८७ चं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहे, पण तो खडकांवर विखुरलेला, छोट्या वसाहतींचा, आणि पाणी गढूळ. १० मीटरच्या पिक्सेलमध्ये खडक, शैवाल आणि प्रवाळ एकत्र येतात. तिथे सेंटिनेल प्रवाळ दाखवणार नाही. पाण्याचा गढूळपणा मात्र बी४ वरून छान दाखवेल, आणि कोणत्या महिन्यात गाळाचा लोट कुठवर येतो हे कळणं तिथल्या प्रवाळासाठी मोलाचंच आहे.

भरतीचाही एक पेच आहे. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, अष्टमीला सहा. सेंटिनेल आपल्याकडे सकाळी अकराच्या आसपास जातो. म्हणजे उधाणाच्या दिवशी तो नेहमी भरलेला समुद्र पाहतो आणि ओहोटी पाहतो ती भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, अष्टमीच्या आसपासची. उधाणाची सर्वांत खालची ओहोटी, जेव्हा खडक खरे उघडे पडतात, ती त्याच्या वाट्याला येतच नाही. ती हवी असेल तर ड्रोन. ६० मीटरवरून २० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने साधारण दीड सेंटिमीटरचं पिक्सेल मिळतं. पुढची ओव्हरलॅप ८० टक्के, बाजूची ७०. सूर्य कलता असताना, वारा पडलेला असताना. ड्रोनचीही परवानगी घ्यावी लागते.

विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवरच्या आंग्रिया बँकेबद्दलही वारंवार विचारलं जातं. तिचा माथाच २० मीटरपेक्षा खोल आहे. चित्रात दिसला तर एक फिकट छटा दिसेल, तिच्यावरून प्रवाळाचं काही सांगू नये. तिथे बोटीवरचं सोनार आणि पाणबुडे, दुसरा मार्ग नाही.

गंगापूररोड

ताई, चौकोन पाडून पुन्हा तपासलं, आकडा बराच उतरला. तोच लिहिणार.

शेवटचा मोठा प्रश्न ब्लीचिंगचा. २०२४ मध्ये लक्षद्वीपला प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला. तो चित्रात पकडता येईल का? आणि पुढच्या वेळी आधी कळवता येईल का?

पिक्सेल_पंचवटी

आधी कळवणं हेच या सगळ्या तंत्राचं सर्वांत उपयोगी काम आहे, आणि त्यासाठी प्रवाळ दिसावा लागत नाही, समुद्राचं तापमान पुरतं. अमेरिकेच्या नोआ या संस्थेचा कोरल रीफ वॉच ५ किलोमीटरच्या जाळ्यावर रोज आकडे देतो, आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राची आपल्या प्रवाळक्षेत्रांसाठी स्वतंत्र इशारा सेवा आहे: अंदमान, निकोबार, लक्षद्वीप, कच्छचं आखात, मन्नारचं आखात.

हिशोब हाताने करून पाहा, म्हणजे आकड्याचा अर्थ कळतो. त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याची दीर्घकालीन सरासरी हा पाया. आजचं तापमान त्यापेक्षा जितकं जास्त तो हॉटस्पॉट. हॉटस्पॉट १ अंश किंवा अधिक असेल तेच दिवस धरायचे, मागच्या ८४ दिवसांची बेरीज करायची आणि ७ ने भागायचं. समजा १४ दिवस १.२ आणि पुढचे १४ दिवस १.५ राहिला: (१६.८ + २१) ÷ ७ = ५.४ अंश-आठवडे. मधले ०.८ चे दिवस मोजलेच जात नाहीत. ४ ला लक्षणीय ब्लीचिंग अपेक्षित, ८ ला तीव्र ब्लीचिंग आणि मृत्यू. २०२३ च्या अखेरीस नोआने वरच्या पातळ्या वाढवल्या, पाचवी पातळी २० अंश-आठवड्यांपासून सुरू होते. ८ च्या वरचं सगळं एकाच रंगात दाखवणं पुरेनासं झालं, यातच समुद्राची अवस्था कळते. १५ एप्रिल २०२४ ला जगातलं चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर झालं. लक्षद्वीपने त्याआधी १९९८, २०१० आणि २०१६ ची झळ सोसलेली आहे.

मर्यादा: ५ किलोमीटरच्या खणात अख्खी लगून मावते आणि तो खण बाहेरच्या समुद्राचंच तापमान सांगतो. उथळ लगून दुपारी त्यापेक्षा बरीच तापते. म्हणून लगूनमध्ये दोन-तीन तापमान नोंदक बसवा, एक १ मीटरवर, एक ४-५ मीटरवर, दर अर्ध्या तासाला नोंद. उन्हात थेट राहू नये म्हणून वर पांढरी जाळीदार टोपी, नाहीतर तो पाण्याऐवजी स्वतःचंच तापणं मोजतो.

आता चित्रात दिसतं का. पांढरा पडलेला प्रवाळ निळ्या-हिरव्यात उजळतो, पण १० मीटरच्या पिक्सेलचा बराचसा भाग प्रवाळाचा असेल आणि तो एकदम पांढरा पडला तरच फरक जाणवतो. शिवाय खिडकी काही आठवड्यांचीच. प्रवाळ मेला की सांगाड्यावर शैवाल चढतं आणि पिक्सेल पुन्हा गडद. जून-जुलैचं चित्र पाहून ‘सुधारलं’ म्हणणं ही यातली सर्वांत वाईट चूक, कारण तेव्हाचा गडदपणा मृत्यूचा असू शकतो. लक्षद्वीपची उष्णता एप्रिल-मे मध्ये शिगेला, त्याच सुमारास चकाकी आणि मागोमाग मोसमी ढग. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीचं चांगलं चित्र पाया म्हणून दरवर्षी तयार ठेवा आणि ४ अंश-आठवडे ओलांडले की मिळेल ते प्रत्येक स्वच्छ चित्र त्याच्याशी ताडून पाहा. जिथे उजळलं तिथे चार-सहा दिवसांत पाणबुडे पाठवा. कुठे उतरायचं हे नकाशा सांगेल, काय झालंय ते उतरणारा सांगेल.

व्यवस्थापनाकडे द्यायच्या गोष्टीही यातूनच निघतात. इशारा ४ च्या पुढे गेला की लगूनमधलं ड्रेजिंग थांबवावं, काचेच्या तळाच्या बोटी आणि स्नॉर्केलिंग त्या भागातून हलवावं, कारण तापलेल्या प्रवाळाला वरून गाळ आणि नांगर सोसत नाही. नांगर टाकण्याऐवजी बांधून ठेवायच्या तरंगत्या बोयांची जागा तुमच्या वाळूच्या वर्गावरून थेट ठरते, आणि तो वर्ग सगळ्यांत अचूक असतो.

गंगापूररोड

मनापासून आभार. ‘जिवंत प्रवाळ’ हे वर्गाचं नाव मग ठेवायचं का?

खारावारा

नाही. सेंटिनेलच्या तीन दृश्य पट्ट्यांत जिवंत प्रवाळ आणि दगडावरचं तपकिरी शैवाल यांच्यात विश्वासाने भेद करता येत नाही. अ‍ॅलन कोरल अ‍ॅटलासने २०२१ मध्ये सेंटिनेलपेक्षा बारीक पिक्सेलवरून जगभराचा नकाशा पूर्ण केला, तिथेही वर्ग ‘प्रवाळ/शैवाल’ असा एकत्रच आहे. तुम्हीही तेच लिहा आणि फोटोंतून निघालेली जिवंत प्रवाळाची टक्केवारी वेगळ्या तक्त्यात, ठिकाणानुसार द्या. अधिकारी ‘जिवंत प्रवाळ अमुक हेक्टर’ असं वाचून पुढे तोच आकडा वापरत राहतात, आणि पुढच्या वर्षी शैवाल वाढलं की कागदावर प्रवाळ वाढतो.

प्रोजेक्शन यूटीएम ४३ उत्तर ठेवा. नाशिक आणि कवरत्ती दोन्ही त्यातच येतात, तुमची जुनी सेटिंग चालेल.